जिंकत असताना स्वतःवरच गोल: बार्बाडोस–ग्रेनाडा सामना आणि बेटांच्या पात्रता फेऱ्यांचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९४ च्या कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत बार्बाडोसने पुढे असताना मुद्दाम स्वतःच्या जाळ्यात गोल मारला, हे खरं का? खरं असेल तर त्यांना शिक्षा का झाली नाही? आणि आमच्या तालुका स्पर्धेत तीन-तीन संघांचे गट करून ‘बरोबरी नाही, जादा वेळेतल्या पहिल्या गोलवर निकाल’ असा नियम ठेवायचा विचार आहे, तर त्यात धोका आहे का?

गोल खरा आहे. शिक्षा झाली नाही, आणि माझ्या मते तेच योग्य होतं. तुमच्या नियमात धोका आहे की नाही, हे त्यातल्या एका ओळीवर ठरेल. मी आधी रेफरी होतो, नंतर मॅच कमिशनर आणि स्पर्धांच्या नियमावल्या लिहिण्याचं काम करत आलो. नियमावली लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हा सामना आधी कागदावर सोडवायला सांगतो. तुमच्यासाठीही तो नीट उलगडून सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी त्याचा शेवट तेवढा सांगितला जातो आणि खरी गफलत कुठे झाली ते राहून जातं.

आधी जागा. आपल्याला वेस्ट इंडिज म्हटलं की एकच संघ आठवतो, तो क्रिकेटचा. फुटबॉलमध्ये तसं नाही. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो, ग्रेनाडा, अँटिग्वा हे सगळे वेगवेगळे राष्ट्रीय संघ म्हणून उतरतात. शिवाय क्रिकेटच्या वेस्ट इंडिजमध्ये ज्यांचा संबंधच नाही असे क्युबा, हैती, पोर्टो रिको, मार्टिनिक, ग्वाडेलूप, कुरासाओही त्यात असतात. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून २०१८-१९ च्या आय-लीगमध्ये २१ गोल करणारा विलिस प्लाझा याच त्रिनिदादचा. या बेटांची कॅरिबियन फुटबॉल युनियन १९७८ सालची. ‘कॅरिबियन कप’ या नावाने तिची स्पर्धा १९८९ पासून सुरू झाली आणि १९९४ च्या खेपेला तिला शेल कंपनीचं प्रायोजकत्व होतं. मुख्य स्पर्धा एप्रिलमध्ये त्रिनिदादला व्हायची होती. त्याच एप्रिलमध्ये ब्रायन लाराने अँटिग्वात ३७५ धावा केल्या, त्यामुळे तो महिना आपल्याकडे अनेकांना लक्षात असेल. आपण बोलतोय त्या गटाचे पात्रता सामने मात्र जानेवारीतच झाले.

पहिल्या गटात तीन संघ होते: बार्बाडोस, ग्रेनाडा आणि पोर्टो रिको. प्रत्येकाचे दोन सामने आणि पहिला येईल तो पुढे. आयोजकांनी ठरवलं होतं की सामना बरोबरीत सोडायचा नाही. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळ, आणि त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला, म्हणजे गोल्डन गोल. इथपर्यंत काही वावगं नाही. फिफाने गोल्डन गोल १९९३ मध्ये आणलाच होता आणि तो तेव्हा नव्याने आजमावला जात होता. पण त्याला या स्पर्धेत एक जोड दिली गेली: गोल्डन गोल गोलफरकात (म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल) दोन गोल म्हणून धरायचा. म्हणजे सामना १-१ वरून जादा वेळेत गेला आणि तुम्ही गोल केला, तर कागदावर निकाल ३-१ असा लागणार.

ही जोड का दिली असावी, याचा अंदाज करता येतो. जादा वेळेत दोन्ही संघ कचरतात, मागे बसतात आणि पेनल्टीची वाट बघतात. मोठं बक्षीस ठेवलं तर पुढे येऊन खेळतील, हा विचार सहज सुचणारा आहे आणि हेतूही वाईट नाही. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र तेव्हा एकच सामना असतो. गटाचं पूर्ण कोष्टक असलं तर चित्र बदलतं.

आता कोष्टक बघू. पहिल्या सामन्यात बार्बाडोस पोर्टो रिकोकडून ०-१ ने हरला. दुसऱ्या सामन्यात ग्रेनाडा आणि पोर्टो रिको यांच्यात निर्धारित वेळेत गोल झाला नाही. ग्रेनाडाने जादा वेळेत गोल केला आणि निकाल लिहिला गेला २-०. म्हणजे शेवटच्या सामन्याआधी ग्रेनाडाचा गोलफरक अधिक २, बार्बाडोसचा उणे १, आणि दोन्ही सामने खेळून झालेल्या पोर्टो रिकोचाही उणे १. बार्बाडोस जिंकला तर तिघांचा एकेक विजय होणार. त्याने याला, याने त्याला हरवल्याचं चक्र पूर्ण झाल्यामुळे आपसातल्या निकालावरूनही काही ठरणार नाही. उरतो फक्त गोलफरक. बार्बाडोस एका गोलने जिंकला तर त्याचा गोलफरक शून्य आणि ग्रेनाडाचा अधिक १, म्हणजे ग्रेनाडा पुढे. दोन गोलने जिंकला तर बार्बाडोस अधिक १ आणि ग्रेनाडा शून्य, म्हणजे बार्बाडोस पुढे. पोर्टो रिको तर काहीही झालं तरी बाहेर होता. ज्या संघाने बार्बाडोसला हरवलं होतं, त्याला शेवटच्या सामन्यात कसलीच आशा उरली नव्हती.

२७ जानेवारी १९९४. ब्रिजटाउनचं नॅशनल स्टेडियम. बार्बाडोसने दोन गोल केले आणि सामना हवा तसा हाताशी आला. २-० म्हणजे नेमका लागतो तेवढा फरक. मग ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक गोल फेडला. २-१. आता बार्बाडोस सामना जिंकत होता आणि स्पर्धेतून बाहेर जात होता. सात मिनिटं उरली होती. पुढची चारेक मिनिटं त्यांनी सरळ मार्गाने तिसरा गोल करून पाहिला. ग्रेनाडा अख्खा संघ मागे घेऊन बसला होता, कारण एका गोलने हरणं त्यांना पूर्ण परवडत होतं.

८७ व्या मिनिटाला बार्बाडोसच्या खेळाडूंनी तो प्रयत्न सोडला. बचावपटू सीली आणि गोलकीपर होरेस स्टाउट यांनी आपल्याच गोलसमोर एकमेकांना पास दिले आणि सीलीने चेंडू स्वतःच्या जाळ्यात घातला. २-२. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. ते बघताना लक्षात येतं की यात घाईगडबड नाही, चूक नाही, कोणी कोणावर ओरडत नाही. आता सामना जादा वेळेत जाणार होता आणि तिथे एक गोल मारला तरी दोन मोजले जाणार होते. बार्बाडोसला हवा असलेला दोनाचा फरक तिथे एका फटक्यात मिळणार होता.

इथून पुढची तीन मिनिटं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. २-२ वर ग्रेनाडाची बाजू घेऊन बघा. त्यांनी बार्बाडोसच्या जाळ्यात गोल केला तर ते ३-२ ने जिंकून पुढे जातात. त्यांनी स्वतःच्या जाळ्यात गोल केला तर ते २-३ ने हरतात, पण एका गोलनेच, म्हणजे तरीही पुढे जातात. फक्त बरोबरी नको. दोन्ही टोकांचे गोल त्यांच्या फायद्याचे झाले होते. ग्रेनाडाच्या खेळाडूंना हे उमगलं आणि ते स्वतःच्या गोलकडे चेंडू न्यायला धावले. तोवर बार्बाडोसचे खेळाडू तिकडे जाऊन उभे राहिले होते. उरलेला वेळ बार्बाडोसने दोन्ही गोल राखले, अर्धे खेळाडू आपल्या गोलपुढे आणि अर्धे समोरच्यांच्या. रेफरी म्हणून मी स्वतःला त्या मैदानावर उभं करून पाहतो तेव्हा एकच गोष्ट दिसते: शिट्टी वाजवायला कारणच सापडत नाही. कोणी फाउल करत नाही, कोणी वेळ काढत नाही, ऑफसाइडचा प्रश्न नाही. सगळे जिवाच्या आकांताने खेळतायत. तरी तो फुटबॉल राहिलेला नाही.

जादा वेळेत ट्रेव्हर थॉर्नने गोल केला. निकाल लिहिला गेला ४-२ आणि बार्बाडोस पुढे गेला. ग्रेनाडाचे प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन सामन्यानंतर संतापून म्हणाले की आपल्याला फसवल्यासारखं वाटतंय, असला नियम काढणाऱ्याची जागा वेड्यांच्या इस्पितळात आहे, आणि आपल्या खेळाडूंना कोणत्या दिशेने चढाई करायची हेच कळत नव्हतं. त्यांचा राग मला पूर्ण पटतो. बार्बाडोसला त्या पात्रतेचा फारसा उपयोग झाला नाही. त्रिनिदादला ते गटातच बाद झाले. अंतिम सामन्यात यजमानांनी मार्टिनिकचा ७-२ असा धुव्वा उडवला.

आता तो भाग, जो सहसा सांगितला जात नाही. सगळे ८७ व्या मिनिटाकडे बोट दाखवतात. माझ्या मते नुकसान त्याआधीच, ग्रेनाडा आणि पोर्टो रिकोच्या सामन्यात झालं होतं. तो निकाल खरा होता १-०, लिहिला गेला २-०. समजा गोल्डन गोल एकच धरला असता. मग शेवटच्या सामन्याआधी ग्रेनाडाचा गोलफरक अधिक १, पोर्टो रिकोचा शून्य आणि बार्बाडोसचा उणे १ असता. बार्बाडोसने २-१ ने जिंकलं असतं तर तिघांचाही गोलफरक शून्य. केलेले गोल बघा: बार्बाडोस २, ग्रेनाडा २, पोर्टो रिको १. पोर्टो रिको गळाला. उरलेल्या दोघांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे, आणि आपसात बार्बाडोसने ग्रेनाडाला हरवलेलं. म्हणजे प्रचलित क्रमाने टायब्रेकर, म्हणजे गुण सारखे झाल्यावर निवाडा करणारे नियम, लावले असते तर बार्बाडोस २-१ या स्कोअरवरच पात्र ठरला असता. स्वयंगोलाची गरजच पडली नसती. शेवटची सात मिनिटं ग्रेनाडाला बरोबरीसाठी चढाया कराव्या लागल्या असत्या आणि बार्बाडोसला बचाव, म्हणजे सामना जसा व्हायला हवा तसा झाला असता. मैदानावर न झालेला एक गोल कागदावर चढला आणि त्याने पुढचा सामना उलटा केला. म्हणून बार्बाडोसच्या माथी दोष मारणारं काही वाचलं की मी आधी हे कोष्टक पुढे ठेवतो.

शिक्षेचा प्रश्न. स्वतःच्या जाळ्यात गोल करू नये, असं फुटबॉलच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. स्वयंगोल झाला तर तो गोल धरायचा, एवढंच. अखिलाडू वर्तनाचं कलम आहे, पण ते लावायचं तर खेळाडूचा हेतू काय होता हे विचारावं लागतं. बार्बाडोसचा हेतू स्पर्धेत पुढे जाण्याचा होता, आणि प्रत्येक संघाने त्यासाठीच खेळावं ही आपली अपेक्षा असते. संघ हरण्यासाठी खेळला नाही. नियमाने जिंकण्याचा रस्ता स्वतःच्या गोलमधून काढून ठेवला होता, तिकडून तो गेला.

याच्या शेजारी चार वर्षांनंतरचा आशियातला सामना ठेवला की फरक कळतो. १९९८ च्या टायगर कपमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या स्पर्धेत, थायलंड आणि इंडोनेशिया दोघेही उपांत्य फेरीत पोचलेले होते. गटात पहिला येणाऱ्याला हो ची मिन्ह शहर सोडून हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळावं लागणार होतं, तर दुसऱ्याला तिथेच थांबून सिंगापूरशी. दोघांनाही पहिलं यायचं नव्हतं. सामना २-२ असताना अखेरच्या क्षणी इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेंडीने मुद्दाम आपल्याच जाळ्यात गोल मारला. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये आजन्म बंदी आली आणि दोन्ही संघांना प्रत्येकी ४०,००० डॉलरचा दंड झाला. तिथे खेळाडू सामना हरू पाहत होते, सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून. बार्बाडोसला हरायचं नव्हतं. दोन्ही ठिकाणी स्वयंगोलच, तरी न्याय वेगळा लागला, आणि तो तसाच लागायला हवा होता. ढकलाढकली दोन्हीकडे वेळापत्रकाने आणि नियमाने केली, हे मात्र तितकंच खरं.

अशा प्रसंगांत बेटांच्या स्पर्धा वारंवार दिसतात, त्याचं कारण भूगोलात आणि पैशात आहे. युरोपात पात्रता फेरी म्हणजे वर्ष-दीड वर्ष चालणारे घरचे आणि बाहेरचे सामने. कॅरिबियनमध्ये ग्रेनाडाहून पोर्टो रिकोला जायचं तरी विमान लागतं, थेट विमान रोज असेलच असं नाही, आणि दोन बेटांमध्ये राज्य, चलन, भाषा सगळंच बदलू शकतं. छोट्या संघटनेच्या तिजोरीतला मोठा वाटा तिकिटं आणि हॉटेलांतच जातो. खेळाडूंपैकी अनेक जण नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. मग तीन-चार संघ एका बेटावर बोलवायचे, एक दिवसाआड सामने लावायचे आणि आठवड्याच्या आत निकाल लावून सगळ्यांना घरी पाठवायचं, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. सामने कमी झाले की प्रत्येक गोलचं वजन वाढतं आणि टायब्रेकर हाच खरा निर्णय होऊन बसतो. ‘बरोबरी नको’ हा हट्टही त्यातूनच येतो. तीन सामन्यांच्या गटात दोन सामने बरोबरीत सुटले तर निवड कशाच्या आधारे करायची, ही भीती आयोजकाच्या मनात असते. आणि बाहेरच्या जगाचा फटकाही या स्पर्धांना चटकन बसतो. १९९० ची खेप तर त्रिनिदादमध्ये सुरू असतानाच तिथे सशस्त्र बंडाचा प्रयत्न झाला आणि स्पर्धा अर्धवट सोडावी लागली.

तीन संघांच्या गटाचा आणखी एक मूळचा दोष आहे. शेवटच्या सामन्याला एक संघ नेहमी बाहेर बसलेला असतो आणि मैदानावरच्या दोघांना आपल्याला नेमकं काय लागतं ते माहीत असतं. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या गिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी १-० वर खेळ जवळजवळ थांबवला आणि आदल्या दिवशी आपला सामना खेळून बसलेल्या अल्जीरियाला बाहेर काढलं. तेव्हापासून फिफा गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवते. पण तो उपाय चार संघांच्या गटात चालतो. तीन संघ असतील तर एकाच वेळी खेळवायला दुसरा सामनाच नसतो. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने आधी तीन-तीन संघांचे १६ गट ठरवले होते. मार्च २०२३ मध्ये ते बदलून चार-चारचे १२ गट केले. एवढ्या मोठ्या संघटनेला जो गट झेपेना, तो छोट्या बेटांच्या संघटना नाइलाजाने वर्षानुवर्षं चालवत आल्या, हे लक्षात ठेवावं.

त्या बेटांनी त्यावर काम केलं नाही असं नाही. गोल्डन गोल दुप्पट धरण्याचा नियम पुढच्या कॅरिबियन कपांत परत आला नाही, आणि २००४ मध्ये गोल्डन गोलच फुटबॉलच्या नियमांतून गेला. २०१७ च्या शेवटच्या कॅरिबियन कपच्या पात्रतेत गट तीन-तीनचेच ठेवले, पण प्रत्येक संघाला एक सामना घरी आणि एक बाहेर दिला. त्यामुळे सगळे सामने एकाच यजमानाच्या मैदानावर होण्याचा अन्याय कमी झाला. त्या खेपेला कुरासाओने अंतिम सामन्यात जमैकाला २-१ ने हरवलं. फ्रेंच गयानाकडून फ्लोरां मालुदा खेळला, तोच जो २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सकडून उतरला होता. फ्रेंच गयाना फिफाचा सदस्य नाही, त्यामुळे एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्याकडून खेळू नये हा फिफाचा पात्रतेचा नियम कॅरिबियन कपमध्ये त्याला आडवा आला नाही. त्याच कपमधून पात्र होऊन संघ गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या राष्ट्रीय संघांच्या मुख्य स्पर्धेत गेला, तिथे मालुदाला होंडुरासविरुद्ध उतरवलं, आणि ०-० सुटलेला सामना होंडुरासला ३-० असा बहाल झाला. पात्रता फेरीत चालणारा खेळाडू मुख्य स्पर्धेत अपात्र, असा प्रकार. नियमावली लिहिणाऱ्याने दोन स्पर्धांमधला सांधाही तपासायला हवा, हे त्यातून दिसतं.

त्यानंतर कॅरिबियन कप बंद झाला आणि त्याची जागा काँकाकॅफ (त्याच सगळ्या प्रदेशाचा फुटबॉल महासंघ) नेशन्स लीगने घेतली. २०१८-१९ मधली तिची पात्रता फेरी वेगळ्याच धाटणीची होती. ३४ संघ, प्रत्येकाचे चार सामने, दोन घरी आणि दोन बाहेर, आणि सगळ्यांचं मिळून एकच कोष्टक. पहिले दहा २०१९ च्या गोल्ड कपला जाणार. गटच नसल्यामुळे गटातल्या साटंलोट्याचा प्रश्न मिटला. पण प्रत्येकाचे प्रतिस्पर्धी वेगळे आणि गुण सारखे झाले की निवाडा गोलफरकावर. त्या फेरीत क्युबाने टर्क्स अँड केकॉसवर ११ आणि हैतीने सिंट मार्टेनवर १३ गोल चढवले. अशा एका सामन्याने कोष्टकातली जागा हलते, आणि तुमच्या वाट्याला तो प्रतिस्पर्धी आलाच नाही तर तुम्ही काही करू शकत नाही.

याची सगळ्यांत मोठी किंमत मोंटसेराटने मोजली, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना मला आजही हळहळ वाटते. जेमतेम पाच हजारांच्या आसपास वस्तीचं बेट. १९९५ पासून सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, बेटाचा दक्षिण भाग सोडून द्यावा लागला आणि बहुतेक लोक परदेशी गेले. २००२ मध्ये फिफाच्या क्रमवारीतले तळाचे दोन संघ म्हणून भूतानविरुद्ध थिंफूला त्यांचा सामना झाला, त्यात ते ०-४ ने हरले. तोच संघ २०१८-१९ च्या या पात्रतेत एल साल्वादोरकडून १-२ असा निसटता हरला, आणि मग बेलीझ, अरुबा, केमन आयलंड्स या तिघांनाही हरवून ९ गुणांवर पोचला. एल साल्वादोरचेही ९ गुण झाले. त्यांचा गोलफरक सरस होता, ते गोल्ड कपला गेले आणि मोंटसेराट घरी राहिला. चारपैकी तीन सामने जिंकूनही. यात कोणाची लबाडी नाही, नियमही सरळ होता. पण एवढ्या छोट्या बेटाच्या संघाला अशी संधी पुन्हा कधी येईल, कोण जाणे.

छोट्या बेटांना हे साधत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या कुरासाओने नोव्हेंबर २०२५ मध्ये किंग्स्टनला जमैकाशी ०-० बरोबरी राखली आणि २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. आजवर विश्वचषकाला पात्र ठरलेल्या देशांत लोकसंख्येने सगळ्यांत लहान. जमैकाला विजय हवा होता, कुरासाओला बरोबरी पुरत होती, आणि दोघांनाही आपण कोणत्या दिशेला खेळायचं ते शेवटच्या क्षणापर्यंत स्पष्ट होतं. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्याकडून मी एवढंच मागतो.

आता तुमची तालुका स्पर्धा. सगळ्यांत आधी बघायची गोष्ट ही: पुढे असलेल्या संघाला बरोबरीत येण्याने फायदा होईल, अशी एकही परिस्थिती तुमच्या कोष्टकात निर्माण होता कामा नये. कोणताही बोनस, कोणताही दुप्पट गोल, ‘तीन गोलच्या फरकाने जिंकल्यास जादा गुण’ असली कोणतीही जोड या कसोटीवर घासून बघा. नुसता ‘जादा वेळेतला पहिला गोल निर्णायक’ हा नियम दुप्पट मोजणीशिवाय असेल तर या कसोटीवर उतरतो. पण जादा वेळ ठेवण्याचीच मी शिफारस करणार नाही. शाळकरी पोरं, जानेवारी-फेब्रुवारीतलं ऊन, एका दिवसात दोन सामने आणि वर जादा वेळ, हे त्यांच्या पायांना झेपत नाही.

त्याऐवजी बरोबरी झाली की लगेच पेनल्टी शूटआउट घ्या. निर्धारित वेळेत जिंकणाऱ्याला ३ गुण, शूटआउट जिंकणाऱ्याला २, हरणाऱ्याला १. शूटआउटमधले गोल गोलफरकात अजिबात धरू नका, कोष्टकात सामना १-१ असेल तर १-१ च लिहा. मेस्सीच्या इंटर मायामीने जिंकलेल्या २०२३ च्या लीग्ज कपमध्ये हीच पद्धत होती, आणि तिथे गटही तीन-तीनचेच होते. या पद्धतीत पुढे असणं हे नेहमीच बरोबरीपेक्षा फायद्याचं राहतं.

गटातून एकच संघ पुढे घ्या. तीनपैकी दोन घेतलेत तर शेवटच्या सामन्यात दोघांनाही पुरेल असा निकाल तयार व्हायची शक्यता वाढते, आणि मग गिहोनची आवृत्ती तुमच्या मैदानावर होईल. शक्य असेल तर एखादा संघ वाढवून चारचे गट करा आणि शेवटचे दोन सामने शेजारशेजारच्या मैदानांवर एकाच वेळी सुरू करा. तेवढी मैदानं नसतील तर तीनच ठेवा, पण पहिला सामना हरणाऱ्या संघाचा पुढचा सामना लगेच दुसरा लावा. तसं केलं की शेवटच्या सामन्यापर्यंत चित्र बऱ्याचदा उघडं राहतं. बार्बाडोसच्या गटात क्रम असा असता तर दुसरा सामना बार्बाडोस–ग्रेनाडा झाला असता आणि त्या वेळी दोघांपैकी कोणालाच आपल्याला नेमके किती गोल लागतात हे माहीत नसतं.

टायब्रेकरचा क्रम पहिल्या शिट्टीच्या आधी, मॅनेजर्स मीटिंगमध्ये छापील द्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या: आधी आपसातला निकाल की आधी गोलफरक, तिघे अडकले तर काय, आणि सगळंच सारखं आलं तर चिठ्ठी की शूटआउट. माझी पसंती आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग आपसातला निकाल, आणि शेवटी चिठ्ठीऐवजी शूटआउट अशी आहे. एखादा संघ आयत्या वेळी आलाच नाही तर त्याच्याविरुद्ध किती गोल धरायचे तेही लिहून ठेवा. तालुका पातळीवर हे घडतंच, आणि न खेळलेल्या सामन्याचे गोल गोलफरकात चढले की तिसऱ्या संघाचं विनाकारण नुकसान होतं. संपूर्ण गट रद्द धरायचा की ३-० द्यायचा, हे आधी ठरलेलं बरं.

आणि शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी एक काम करा. कागदावर डावीकडे एका संघाचे ० ते ४ गोल आणि वर दुसऱ्याचे ० ते ४ गोल मांडा. प्रत्येक चौकटीत कोण पुढे जातं ते लिहा. पंचवीस चौकटी, दहा मिनिटांचं काम. बरोबरीच्या तिरक्या ओळीच्या एका बाजूला एक संघ आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असं दिसलं, किंवा एका बाजूची सीमा एक-दोन चौकटी सरकलेली दिसली, तर काळजी नाही. पण एखादा संघ पुढे असतानाच्या चौकटीपेक्षा त्याची बरोबरीची चौकट जास्त आशेची दिसली, तर त्याच रात्री सगळ्या मॅनेजरांना बोलावून, सगळ्यांच्या संमतीने ती ओळ दुरुस्त करा. सामना सुरू झाल्यावर रेफरीच्या हातात काहीच उरत नाही.